मे महिन्याच्या सुट्टीत निर्वासित मुलांसाठी परदेशी जावं का?

प्रश्न थोडक्यात असा: गुहागर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहा वर्षं शिकवणाऱ्या एका शिक्षिकेला मे महिन्याच्या सुट्टीत चार आठवडे जॉर्डनला जाऊन युद्धातून आलेल्या सीरियन मुलांसोबत काम करायचं आहे. पावणेदोन लाख रुपये भरले की एक एजन्सी तिथल्या अनाथाश्रमात सोय करून देते. मुलांची आवड आहे, शिकवण्याचा अनुभव आहे, अरबी येत नाही. जावं का, आणि जायचं तर तयारी काय करावी?

थेट सांगायचं तर या एजन्सीमार्फत जाऊ नका. आणि चार आठवड्यांसाठी मुलांच्या रोजच्या सहवासाचं काम तर कुणीच घेऊ नये, अनुभवी माणसानेसुद्धा. पण विचार सोडून द्या असं मुळीच म्हणणं नाही. द्विशिक्षकी शाळेत एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसवून सहा वर्षं शिकवलेल्या बाईंकडे तिथे लागणारी निम्मी कला आधीच असते. उरलेली निम्मी शिकायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि त्यातलं बरंचसं कोकणातच शिकता येतं.

आधी अनाथाश्रमाचं बघू. जगभरातल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, कुणी तरी एक हयात असतं. गरिबी, पळापळ, शाळेची गैरसोय यांमुळे मूल तिथे आलेलं असतं. पैसे भरून पाहुणे यायला लागले की संस्थेला मुलं कमी होऊन चालत नाही. मग घरी परत जाऊ शकणारं मूलही ठेवून घेतात, कधी कधी तर गावातून आणतात. ऑस्ट्रेलियाने 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, तेव्हा अनाथाश्रम भरण्यासाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीची दखल घेतली होती. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही डिसेंबर 2019 च्या बालहक्क ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवक-पर्यटनाच्या धोक्याचा उल्लेख केला. शिवाय सीरियन समाजात आईवडील गमावलेलं मूल बहुधा आजीकडे, काकांकडे, मावशीकडे वाढतं, आपल्याकडे मामाकडे वाढतं तसंच. त्या आजीला आधार देणं हे खरं काम. मूल तिच्यापासून लांब नेऊन इमारतीत ठेवणं हे काम नव्हे.

चांगल्या मनाने केलेलं कामही किती भलतीकडे जाऊ शकतं याचा नमुना 2007 साली चाडमध्ये दिसला. ‘झोएज आर्क’ नावाच्या फ्रेंच संस्थेच्या माणसांनी सुदानमधल्या दारफूरच्या युद्धातले अनाथ म्हणून 103 मुलं विमानाने फ्रान्सला न्यायची तयारी केली होती. चौकशीत निघालं की बहुतेक मुलं चाडमधलीच होती आणि त्यांना आई किंवा वडील होते. तिथल्या कोर्टाने त्या माणसांना शिक्षा सुनावली. मूल कुठलं, कुणाचं, हे ठरवायचा अधिकार स्वयंसेवकाला कधीच नसतो. हरवलेल्या मुलांचं घर शोधायचं काम रेड क्रॉस आणि बालसंरक्षण संस्थांची माणसं नोंदी ठेवून करतात. त्यांच्या आड येऊ नये.

एजन्सी बरी की वाईट हे तिच्या फोटोंवरून कळत नाही, प्रश्न विचारल्यावर कळतं. मुलं कुटुंबासोबत राहतात का? तिथली स्थानिक संस्था कोणती, तिची नोंदणी कुठली? बालसुरक्षेचं लेखी धोरण पाठवाल का? तक्रार कुणाकडे करायची? मी येण्याआधी हे काम कोण करत होतं आणि मी गेल्यावर कोण करणार? माझ्या पैशांतले किती तिथे पोचतात? आणि सगळ्यांत बोलका प्रश्न असा, की माझा पोलिसांचा दाखला आणि दोन ठिकाणची शिफारस तुम्ही मागणार की नाही? मुलांजवळ सोडताना ज्यांना तुमची पूर्वपीठिका तपासावीशी वाटत नाही, ते दुसऱ्या कुणाचीही तपासत नसणार. एवढ्यावरच नाही म्हणायला हरकत नाही.

आता मुलांना लागतं काय, ते. युद्धातून आलेल्या प्रत्येक मुलाला मानसोपचार हवेत, हा समज सर्वांत जास्त घोटाळा करतो. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा अंदाज आहे की संघर्षग्रस्त भागातल्या सुमारे 22 टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. आकडा मोठा आहे, पण याचाच अर्थ पाचांतल्या जवळजवळ चौघांना आजार नसतो. त्यांना दुःख असतं, भीती असते, झोप उडालेली असते, आणि सुरक्षित जागा, पोटभर जेवण, शाळा, जवळची माणसं आणि ठरलेला दिनक्रम मिळाला की बहुतेक मुलं हळूहळू सावरतात. आपत्तीतल्या मानसिक-सामाजिक मदतीची 2007 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हीच गोष्ट चार थरांच्या पिरॅमिडने दाखवतात. तळाला मूलभूत गरजा आणि सुरक्षितता, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची नेमकी मदत, आणि टोकाला तज्ज्ञांचे उपचार. तुमची जागा दुसऱ्या थरात आहे. प्रशिक्षण घेतलंत तर तिसऱ्याच्या काठावर. चौथ्यात पाऊल टाकायचं नाही.

दुसऱ्या थराचं उत्तम उदाहरण आंबा घाट उतरून… नव्हे, चढून गेलं की सापडतं. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. तिथे मुलांसाठी पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, स्काउटची पथकं होती, त्यांचं चर्च होतं, त्यांचे सण होते. मुलांना शिकवणारी माणसं मुख्यतः त्यांचीच होती आणि यजमानांनी जागा, निवारा आणि सवड दिली. आज चांगल्या छावणीत हेच करायचा प्रयत्न असतो.

जॉर्डनबद्दल आणखी एक. तिथले बहुतेक सीरियन निर्वासित छावणीत राहत नाहीत, शहरं आणि गावांत भाड्याने राहतात, आणि त्यांची मुलं कित्येक ठिकाणी सरकारी शाळेच्या दुपारच्या पाळीत शिकतात. झातारी ही मोठी छावणी 2012 च्या जुलैत उघडली. तिथे सरकारी परवान्याशिवाय आत जाता येत नाही आणि तो परवाना संस्थेमार्फतच निघतो. बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांसाठी निर्वासित आयुक्तांच्या कार्यालयाचा पास लागतो, युगांडात निर्वासितांच्या वस्तीत जायला पंतप्रधान कार्यालयाची परवानगी लागते. ‘टुरिस्ट व्हिसावर या, बाकीचं आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. पकडलं गेल्यावर तुम्ही परत पाठवल्या जाल, पण ज्या स्थानिक संस्थेने तुम्हाला आत घेतलं तिचा परवाना जाईल, आणि नुकसान मुलांचं होईल.

छावण्यांत खेळ घेणारी, वर्ग सांभाळणारी माणसं बऱ्याचदा निर्वासितच असतात आणि त्यांना त्याचं थोडं मानधन मिळतं. तुम्ही फुकट येऊन तेच काम केलंत तर एका घराचं उत्पन्न जातं आणि मुलांपुढचा रोजचा चेहराही जातो. म्हणून बहुवर्ग अध्यापन येणाऱ्या शिक्षिकेने मुलांसमोर उभं राहण्यापेक्षा तिथल्या कार्यकर्त्यांमागे उभं राहावं. एका खोलीत 6 ते 12 वयाची मुलं कशी बसवायची, मोठ्या मुलांना गटप्रमुख कसं करायचं, आगकाड्या, बाटल्यांची झाकणं आणि पुठ्ठ्यातून गणिताचं साहित्य कसं करायचं, हे तिथे लागतं आणि कमी लोकांना येतं. हे काम चार आठवड्यांतही होतं. मुलांच्या थेट सहवासाचं काम मात्र किमान तीन महिने, शक्यतो सहा.

मग तयारी कोकणात कुठे करायची? आपल्याकडे युद्ध नाही, पण एका रात्रीत घर गेलेली मुलं आहेत. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ, 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर, त्याच दिवशी महाडमधल्या तळियेवर कोसळलेली दरड, 2023 च्या जुलैतली इर्शाळवाडी. पाऊस जोरात लागला की दप्तर उराशी धरून बसणारी मुलं तुमच्या वर्गातही असतील. अशा मुलांसोबत जिल्ह्यातल्या एखाद्या जबाबदार संस्थेच्या हाताखाली किमान एक पावसाळा काम करा. दुसरी शाळा हापूसच्या बागांत आणि बंदरांवर आहे. बागांच्या राखणीला आणि ट्रॉलरवर आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं रत्नागिरी परिसरात आहेत. तुमची भाषा त्यांना येत नाही आणि त्यांची तुम्हाला. आईवडिलांना विचारून, शाळेच्या आवारात, एक दुसरा मोठा माणूस सोबत ठेवून, आठवड्यातून दोन तास एकही मराठी वाक्य न वापरता खेळ घ्या. तीन महिन्यांत कळेल की चेहऱ्याने आणि हातांनी किती सांगता येतं आणि कुठे अडतं.

शिक्षणाचा भाग फार खर्चाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं 2011 चं मानसिक प्रथमोपचाराचं पुस्तक मोफत मिळतं. त्याचं सूत्र तीन शब्दांचं: पाहा, ऐका, जोडा. संयुक्त राष्ट्रांचा ‘बी-सेफ’ हा सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स मोफत आहे. आपत्तीतल्या बालसंरक्षणाची आंतरराष्ट्रीय किमान मानकं 2019 साली सुधारून निघाली, एकूण 28 आहेत. सगळी पाठ नकोत, पण मानसिक-सामाजिक मदतीचं आणि गट-उपक्रमांचं मानक वाचलेलं असावं. प्रत्यक्ष सराव हवा असेल तर बेंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आपत्तीतल्या मानसिक-सामाजिक मदतीचा स्वतंत्र विभाग आहे.

जायचे प्रामाणिक रस्ते मोजकेच आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात निवड झाली तर निर्वाहभत्ता मिळतो, तुम्ही पैसे भरत नाही. तिथल्या तज्ज्ञ गटासाठी वय किमान 27 आणि कामाचा अनुभव लागतो. त्याच कार्यक्रमातून घरबसल्याही काम करता येतं. मोठ्या वैद्यकीय संस्थांना नर्स, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ लागतात, शिक्षक सहसा नाहीत. आणि देशाबाहेरच जायचा हट्ट नसेल तर म्यानमारमधल्या 2021 च्या लष्करी उठावानंतर मिझोराममध्ये आलेली चिन जमातीची कुटुंबं आहेत, तामिळनाडूत 1983 पासून आलेल्या श्रीलंकन तमिळांच्या वसाहती आहेत.

कागदपत्रांत तुमच्यासाठी सर्वांत वेळखाऊ गोष्ट म्हणजे रजा आणि परदेशप्रवासाची पूर्वपरवानगी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने ती मिळाल्याशिवाय तिकीट काढू नये. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून ऑनलाइन अर्ज करून निघतो, फी 500 रुपये. तो अगदी आधी काढून ठेवू नका, कारण सहा महिन्यांपेक्षा जुना बहुतेक ठिकाणी चालत नाही. प्रवासविम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा; साध्या पॉलिसीत युद्ध आणि दंगलीतली इजा वगळलेली असते, म्हणून संस्थेने वेगळा विमा आणि बाहेर काढण्याची सोय लेखी द्यायला हवी. पोचल्यावर भारतीय दूतावासात नाव नोंदवा. 2023 च्या एप्रिलमध्ये युद्ध पेटलेल्या सुदानमधून ‘ऑपरेशन कावेरी’त भारतीयांना पोर्ट सुदानवरून जहाजाने जेद्दाला आणलं. कोण कुठे अडकलंय याची यादी दूतावासाकडे असेल तरच अशा वेळी निरोप वेळेत पोचतो. येमेनला जायला तर भारत सरकारने 2017 पासून बंदीच घातली आहे.

युगांडा किंवा दक्षिण सुदानला जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी. ती मुंबईच्या आणि गोव्यात मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयात मिळते. गावातल्या जहाजावर जाणाऱ्या कुणालाही विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. दाखला परतताना भारतातही दाखवावा लागतो, नसेल तर विलगीकरणात बसावं लागतं. दुबईमार्गे जाताना ट्रामाडोल किंवा कोडीन असलेली दुखण्याची नि खोकल्याची औषधं पिशवीत असू नयेत, तिथे ती नियंत्रित आहेत.

भाषेचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कोकणात इथे एक विशेष फसगत होते. खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे आखातात वर्षानुवर्षं राहून आलेली माणसं घरोघरी आहेत आणि त्यांच्याकडून अरबी शिकणं सहज शक्य आहे. लिपी, उच्चार, सलाम-दुवा यासाठी ती शिकवणी उत्तमच. पण आखाती अरबी आणि सीरिया-जॉर्डनची शामी अरबी बोलण्यात बऱ्याच वेगळ्या. ‘काय’ला कुवेतकडे शिनू, शाममध्ये शू. ‘आत्ता’ला आखातात अल्हीन, तिकडे हल्ला. ‘मला हवंय’ला तिकडे बिद्दी. तेव्हा आधी आखातवाल्या काकांकडे बसा, आणि नंतर तीन महिने खास शामीचा ऑनलाइन वर्ग लावा. दीडशे-दोनशे शब्द पक्के हवेत: नाव, रंग, अंक, ये, बस, थांब, पाणी, शौचालय, दुखतंय का, आईला बोलावू का, शाबास.

दुभाषा मिळाला तरी त्याची पद्धत आहे. तिघांनी त्रिकोणात बसायचं, बघायचं मुलाकडे, बोलायचं मुलाशी. एका वेळी एकच छोटं वाक्य. भावाला किंवा बहिणीला दुभाषा करायचं नाही. मूल त्यांच्यासमोर खरं बोलत नाही, आणि त्यांच्या कानावर नको ते पडतं. दुभाषा स्वतःही त्याच युद्धातून आलेला असू शकतो, म्हणून पाऊण तासाने त्याला विश्रांती द्या आणि दिवस संपल्यावर त्याची विचारपूस करा.

गटाचं रूढ प्रमाण असं: 5 ते 9 वयाच्या 20 मुलांमागे दोन मोठी माणसं, 10 ते 12 च्या 25 मागे दोन, त्यापुढच्या 30 मागे दोन. गट लहान असला तरी माणसं दोनच, कारण मुलासोबत मोठ्या माणसाने एकट्याने बंद जागेत असायचंच नाही. बाराच्या पुढच्या मुली आणि मुलगे यांचे गट बहुतेक ठिकाणी वेगळे घ्यावे लागतात, नाहीतर मुलींना घरून पाठवत नाहीत. एका तासाचा क्रम रोज तोच ठेवा: पाच मिनिटं गोल करून नावांचं स्वागत, दहा मिनिटं हातपाय मोकळे करणं, वीस मिनिटं मोठा खेळ, पंधरा-वीस मिनिटं चित्र किंवा मातीकाम, आणि शेवटी ठरलेलं एकच गाणं. हा क्रम कंटाळवाणा वाटतो तो आपल्याला. ज्याच्या आयुष्यात काहीच ठरल्याप्रमाणे घडलं नाही, त्या मुलाला ‘आता पुढे गाणं’ हे आधीच माहीत असणं फार मोठी गोष्ट असते.

साहित्य तिथेच विकत घ्या, इथून बॅगा भरून नेऊ नका. 20 मुलांच्या गटाला फोमचे चार चेंडू, वीस मीटर दोरी, बारा रंगांच्या खडूंच्या दहा पेट्या (दोघांत एक), बोथट टोकाच्या सहा कात्र्या, चटया, हजेरीची वही. 500 कागदांचं एक रीम रोज एक कागद धरला तर पंचवीस दिवस पुरतं. कोपऱ्यात एक चटई आणि दोन उशा ठेवून शांत जागा करा. ज्याला नको वाटेल त्याने तिथे जावं, कुणी विचारायचं नाही, परत बोलवायचं नाही.

खेळांची निवड ही खरी परीक्षा. आपण लहानपणी खेळलेले खेळ हाताशी असतात आणि ते न तपासता वापरले जातात. ‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा’ हा खेळ आग लागल्यावर खरोखर पळालेल्या मुलांसमोर कधीही घेऊ नये, भाषा समजत नसली तरी. कुणी तरी अर्थ विचारणारच. आंधळी कोशिंबीर नको, कारण काहींनी डोळे बांधलेली माणसं पाहिलेली असतात. लपंडाव पहिले काही आठवडे नको. बाँब पडताना तळघरात लपलेल्या मुलाला लपणं हा खेळ वाटत नाही. लगोरीत चेंडू अंगावर मारतात, तो भाग काढा आणि फक्त लगोऱ्या पाडणं-रचणं ठेवा. खो-खोत पाठीमागून हात पडतो आणि कानाशी ‘खो’ची आरोळी येते. बसणाऱ्याचं तोंड येणाऱ्याकडे करून तळहातावर टाळी द्यायला लावली की तोच खेळ चालतो. मामाचं पत्र हरवलं खेळताना रुमालाला पीळ घालून पाठीत मारतात, ते बंद, आणि रुमाल पाठीमागे न टाकता शेजारी ठेवायचा. बाद करण्याचा नियम सगळ्याच खेळांतून काढा. संगीत खुर्चीत खुर्च्या कमी करा, मुलं नको. शेवटी एका खुर्चीत सगळ्यांनी कसं मावायचं हाच खेळ होतो आणि हसून हसून पुरेवाट होते.

टिपी टिपी टिप टॉप मात्र सोन्यासारखा आहे. पाच रंग शिका: अहमर लाल, अझरक निळा, अख्दर हिरवा, अस्फर पिवळा, अब्यद पांढरा. पहिल्याच दिवशी तुम्ही मुलांच्या भाषेत खेळ घेता, उच्चार चुकला की मुलं तुम्हाला शिकवतात, आणि पहिल्याच दिवशी शिकवणारं कोण नि शिकणारं कोण हे उलटतं. ते हवंच आहे. ‘शिवाजी म्हणतो’ हा लक्ष ठेवून ऐकायचा नि थबकायचा खेळ गटाच्या पुढाऱ्याचं नाव घालून छान चालतो. आणि आपल्या कोकणातला जाखडी नाच! गोल फेर, ठेका, संथ लयीतून जलद आणि पुन्हा संथ. अंगातली धडधड वाढवून परत खाली आणायचा सराव त्यात आपोआप होतो. सीरियन मुलांकडे त्यांचा दबका असतो, खांद्याला खांदा लावून रांगेत पाय आपटायचा नाच. त्यांना दबका शिकवायला सांगा, तुम्ही जाखडीचा फेर शिकवा. फक्त हे मोकळ्या जागेत घ्या. छावणीतल्या खोल्या बऱ्याचदा पत्र्याच्या असतात आणि पोकळ फरशीवर वीस जणांचे पाय आपटले की आवाज नको तशी आठवण करून देतो. वॉर चाइल्ड, सेव्ह द चिल्ड्रन आणि युनिसेफ नेदरलँड्स यांनी मिळून तयार केलेला ‘टीमअप’ हा कार्यक्रम असाच शब्दांविना हालचालींवर उभा आहे, त्याचे खेळ नजरेखालून घाला.

फुगे नको. फुटतात. शिट्टी नको, डबे आपटणं नको, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली दगड लावा. गट शांत करायला हात वर करा आणि टाळ्यांचा एकच ठेका ठेवा. विमानाचा आवाज आला आणि मुलं थिजली तर घाईने खेळ पुढे रेटू नका. स्थानिक कार्यकर्त्याने शांतपणे सांगायचं की हे अमुक विमान आहे, आपण इथे आहोत, आणि सगळ्यांनी हातात गरम चहाचा कप आहे असं समजून हळू फुंकर मारायची. चार अंक श्वास आत, सहा अंक फुंकर, पाच वेळा.

चित्रासाठी ‘युद्धाचं काढ’ असं कधीही सांगू नये. कागद द्या, विषय त्यांचा. विमान काढलं तरी अर्थ लावू नका. चित्रात काय चाललंय ते सांगावंसं वाटतं का, एवढंच विचारा, नाही म्हटलं तर नाही. चित्र मुलाचं असतं. त्याचा फोटो काढून पाठवणं म्हणजे त्याची वही चोरणं. काही मुलं पुन्हा पुन्हा बाँब टाकण्याचा, प्रेत उचलण्याचा खेळ खेळतात. खेळ पुढे सरकत असेल, कुणी वाचत असेल, शेवटी मूल निवांत होत असेल तर खेळू द्या. तोच भाग अडकल्यासारखा फिरत असेल आणि मूल अधिकच तापत असेल तर जवळ बसून ‘मग मदतीला कोण आलं?’ असं विचारा आणि बालसंरक्षण कार्यकर्त्याला सांगा. अंथरूण ओलं होणं, आईला चिकटणं, पुन्हा बोबडं बोलणं हे नेहमीचं आहे. आईला सांगायचं की रागावू नका, हे ठरवून केलेलं नाही. महिना उलटूनही खाणं-झोपणं-खेळणं रुळावर येत नसेल तर पुढे पाठवा. स्वतःला इजा, मरायच्या गोष्टी, अन्न सोडणं, फिट येणं यांत मात्र त्याच तासाला.

काय घडलं हे खोदून विचारू नये. पूर्वी घटनेनंतर एकदाच बसवून सगळं बोलून घ्यायची पद्धत होती, आता जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करत नाही. मूल आपणहून बोललं तर ऐका. मारहाण किंवा अत्याचाराचं काही बोललं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. ‘तुला सुरक्षित ठेवायला एका माणसाला सांगावं लागेल’ असं म्हणा. उलटतपासणी करू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, त्याच दिवशी नेमलेल्या व्यक्तीला हाती द्या. व्हॉट्सअॅपवर नाही, सहकाऱ्यांच्या गप्पांत नाही.

लाडकं मूल होऊ देऊ नका. खाऊ, भेटवस्तू, तुमचा फोन नंबर, ‘तुला भारतात घेऊन जाईन’ हे काहीही नाही. एकाला चॉकलेट दिलं की दुसऱ्या दिवशी दारात दोनशे मुलं असतात आणि लहानगी चेंगरतात.

निरोप शेवटच्या दिवशी सांगायचा नसतो. या मुलांची माणसं न सांगता गेलेली असतात. दोन आठवडे आधी भिंतीवर तारखांचा तक्ता लावा, मुलं रोज एक घर रंगवतील. जी स्थानिक ताई पुढे गट घेणार ती निदान शेवटचे दहा दिवस पुढे उभी असावी आणि तुम्ही मागे. उलट बाजूही ध्यानात असू द्या. 2024 च्या डिसेंबरात सीरियातली राजवट पडल्यापासून कित्येक कुटुंबं परत जात आहेत, तेव्हा तुमच्याआधी मूलच जाईल. त्याच्या चित्रांची पिशवी नेहमी तयार ठेवा.

परत आल्यावर पहिले दोन आठवडे चिडचिड, झोप न लागणं, शाळेतल्या मुलांच्या तक्रारी क्षुल्लक वाटणं हे होतं. महिनाभराने कमी झालं नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जाण्यात संकोच धरू नये.

यंदाच्या मे महिन्यात करण्यासारखं एवढंच: मानसिक प्रथमोपचाराचं पुस्तक वाचा, बी-सेफचा कोर्स पूर्ण करा, आखातातून आलेल्या एखाद्या घरी अरबीची अक्षरं गिरवायला सुरुवात करा, जून उजाडला की पावसाळ्यातलं संस्थेचं काम धरा, बागांचा हंगाम पुन्हा सुरू झाला की नेपाळी मुलांचा गट, आणि रजेच्या नियमांची चौकशी करून ठेवा. पावणेदोन लाख बँकेतच राहू द्या. पुढच्या वर्षी सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेत घर चालवायला ते लागतील.